दवाखान्यातील सेवकांची सुरक्षितता : प्रशिक्षण शेवटच्या हातापर्यंत

कारखान्यातील धोका बहुधा डोळ्यांना दिसतो. फिरणारे चाक, तापलेली भट्टी किंवा उघडी विजेची तार पाहून नवखा कामगारही दोन पावले मागे सरतो. दवाखान्याची गोष्ट निराळी आहे. तेथील फरशी स्वच्छ असते, भिंती पांढऱ्या असतात आणि वातावरणात औषधांचा ओळखीचा वास असतो. परंतु टेबलाच्या कडेला वाळलेला रक्ताचा बारीकसा डाग, कापसाच्या बोळ्यात अडकून राहिलेली सुई किंवा दाताच्या यंत्रातून उडालेले तुषार यांत कोणता धोका दडलेला आहे, हे पाहून कळत नाही. ते शिकावे लागते. म्हणूनच रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, खाजगी दवाखाने आणि दंतचिकित्सालये यांत काम करणाऱ्या सर्व सेवकांना सुरक्षिततेचे रीतसर शिक्षण देणे अगत्याचे ठरते.

हे शिक्षण कोणाला द्यावयाचे, हा यातील मूळ प्रश्न आहे. एखाद्या सुईचा प्रवास पाहिला म्हणजे तो स्पष्ट होईल. इंजेक्शन डॉक्टर किंवा परिचारिका देते. ट्रे परिचर उचलतो. डबा सफाई कामगार रिकामा करतो. सुई चुकून साध्या केरात गेलीच, तर ती ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या घंटागाडीवरील कामगाराच्या हाती लागते. प्रत्येक टप्प्यागणिक धोका कायम राहतो. सुईविषयीचे ज्ञान मात्र कमी कमी होत जाते. सर्वांत अधिक शिकलेल्या व्यक्तीला सर्वांत अधिक प्रशिक्षण आणि ज्याच्या हाती कचरा उरतो त्याला सर्वांत कमी, अशी ही उलटी वाटणी आहे. ती सुलटी करणे हाच सुरक्षा-प्रशिक्षणाचा खरा उद्देश असला पाहिजे.

इतिहासाचा धडा

वैद्यकीय व्यवसायातील धोके नवे नाहीत. १८४७ साली व्हिएन्ना येथील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीची जखम झाली. जखम लहान होती. पण थोड्याच दिवसांत जंतुदोष शरीरभर पसरून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मित्र डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. प्रसूतिगृहात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या शरीरात जे बदल दिसत, तेच येथेही झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनीच प्रसूतिगृहात रोग जातो, असे अनुमान त्यांनी काढले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुणे सक्तीचे केले. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात शंभरामागे सुमारे अठरा माता दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास आले. सेवकाची सुरक्षितता आणि रुग्णाची सुरक्षितता या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे या घटनेवरून दिसून येते.

दुसरे उदाहरण दंतवैद्यकातील आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून दातांच्या क्ष-किरण चित्रणाचा पाया घातला. त्या काळी या किरणांचा अपाय कोणास ठाऊक नव्हता. वर्षानुवर्षे त्यांचे हात किरणांत सापडत राहिले. पुढे त्यांना कर्करोग झाला. आधी बोटे आणि नंतर हात गमवावा लागला. १९२८ साली त्यांच्या आयुष्याचा शेवट झाला. कोलेच्का आणि केल्स हे दोघेही आपापल्या विषयातील जाणकार होते; परंतु त्यांच्या काळी धोक्याचे ज्ञानच उपलब्ध नव्हते. आज ते ज्ञान उपलब्ध आहे. ते शेवटच्या सेवकापर्यंत पोहोचविणे एवढेच काम उरले आहे.

कायद्याची तरतूद

केंद्र शासनाने १९९८ साली जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधी पहिले नियम केले. त्यांची जागा २०१६ च्या नियमांनी घेतली. या नियमांनुसार जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, त्याची आरोग्य तपासणी करणे, तसेच कावीळ-ब आणि धनुर्वात यांविरुद्ध त्याचे लसीकरण करणे ही संस्थाचालकाची जबाबदारी आहे. हे नियम मोठ्या रुग्णालयांपुरते मर्यादित नाहीत. लहान दवाखाने, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, पशुवैद्यकीय संस्था, लसीकरण व रक्तदान शिबिरे, इतकेच नव्हे तर शाळेतील प्रथमोपचार कक्षही त्यांच्या कक्षेत येतात.

एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. ज्या आरोग्य संस्थांत कामाच्या ओघात संसर्गाची शक्यता आहे, तेथील सेवकांना संरक्षक साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि संसर्गाचा प्रसंग घडल्यास प्रतिबंधक औषधोपचार उपलब्ध करून देणे या कायद्याने बंधनकारक केले आहे. सेवक कायम आहे की कंत्राटी, हा प्रश्न येथे गौण ठरतो. सुईला नेमणुकीचा आदेश वाचता येत नाही.

सुईपासून बचाव

दवाखान्यातील अपघातांत सुई टोचण्याचा अपघात नेहमीचा आहे. त्यातून प्रामुख्याने तीन विषाणू पसरू शकतात : कावीळ-ब, कावीळ-क आणि एच.आय.व्ही. लोकांच्या मनात भीती असते ती बहुधा एच.आय.व्ही.ची. वस्तुस्थिती अशी की, एच.आय.व्ही.बाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता हजारात सुमारे तीन असते. कावीळ-बची लस न घेतलेल्या व्यक्तीला त्या रोगाच्या रुग्णाची सुई टोचल्यास, रुग्णाच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणानुसार, ही शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. शिवाय कावीळ-बचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरून राहतो.

यावर खात्रीचा उपाय उपलब्ध आहे. कावीळ-ब प्रतिबंधक लसीच्या तीन मात्रा पहिल्या दिवशी, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी घ्याव्या लागतात. तिसऱ्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याची खात्री करून घेता येते. कावीळ-कवर लस नाही. मात्र आज तिच्यावर गुणकारी औषधे असून, २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत दिली जातात.

प्रशिक्षणात सुईविषयी पुढील सवयी हाताला लावल्या पाहिजेत :

१. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. सुई वाकवू नये किंवा हाताने मोडू नये.
२. जो सुई वापरील त्यानेच ती ताबडतोब सुईकाट्यात कापून किंवा पांढऱ्या डब्यात टाकून मोकळे व्हावे. ट्रेमध्ये ठेवून दुसऱ्यावर सोपवू नये.
३. सुईचा डबा इंजेक्शनच्या जागेपासून हाताच्या अंतरावर असावा. तीन चतुर्थांश भरताच तो बंद करावा. दाबून भरू नये.
४. जमिनीवर पडलेली सुई चिमट्याने उचलावी. कचऱ्याच्या पिशवीत हात घालू नये आणि पिशवी अंगाला लावून वाहू नये.

टोचल्यानंतरचे दोन तास

इतकी काळजी घेऊनही अपघात घडू शकतो. अशा वेळी काय करावे, हे आधीच माहीत असले पाहिजे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती दाबून रक्त काढू नये, बोट तोंडात घालू नये आणि जखमेवर ब्लिचिंग पावडरचे द्रावण किंवा जहाल जंतुनाशक ओतू नये. डोळ्यांत रक्ताचे थेंब उडाल्यास डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत. त्यानंतर विलंब न लावता वैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे.

एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करावयाची असतात. बहात्तर तास उलटल्यानंतर ती सुरू करण्यात अर्थ राहत नाही. औषधांचा क्रम अठ्ठावीस दिवसांचा असतो आणि तो मध्येच सोडून चालत नाही. कावीळ-बची लस न घेतलेल्या व्यक्तीस लस आणि प्रतिबंधक इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो चोवीस तासांच्या आत द्यावे लागते. औषधे द्यावयाची किंवा नाही, हा निर्णय डॉक्टरांचा. परंतु निर्णयासाठी त्यांच्यापर्यंत बातमी वेळेवर पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचविणारा बहुधा परिचर किंवा सफाई कामगार असतो.

अडचण येते ती येथेच. 'निष्काळजीपणाबद्दल बोलणी बसतील', 'कंत्राट जाईल', 'लोक भलताच संशय घेतील' या भीतीपोटी कामगार बोटाला चिंधी गुंडाळून गप्प बसतो. तो गप्प राहतो तेवढ्यात दोन तास सरतात. म्हणून संस्थाप्रमुखाने सर्वांसमक्ष सांगितले पाहिजे की, अपघात कळविणाऱ्यास कोणतीही शिक्षा होणार नाही आणि त्याचे नाव व तपासणीचा निष्कर्ष गुप्त राहील. प्रतिबंधक औषधे जवळात जवळ कोठे मिळतात, तेथील दूरध्वनी क्रमांक कोणता आणि रात्रीच्या वेळी कोणाला उठवावयाचे, हे ठळक मराठी अक्षरांत भिंतीवर लावावे. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते तोंडी पाठ करवून घ्यावे.

दंतचिकित्सालयातील विशेष काळजी

दंतवैद्याच्या दवाखान्यात मनुष्यबळ थोडे असते. एकच मदतनीस रुग्णांची नावे लिहून घेते, खुर्ची पुसते, उपकरणे धुते आणि क्ष-किरण चित्रही काढू लागते. त्यामुळे तिचे प्रशिक्षण सर्वांगीण असावे लागते.

दात कोरणाऱ्या वेगवान यंत्रातून पाणी, लाळ आणि रक्त यांचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. मुखाच्छादन, चष्मा आणि हातमोजे ही येथील नित्याची साधने होत. तोंडातील पाणी शोषून घेणारे प्रभावी यंत्र रुग्णाच्या दाताजवळ धरल्यास हे तुषार पुष्कळ कमी होतात. २०२० च्या कोविड साथीने या गोष्टींचे महत्त्व सर्वांना पटविले. साथ ओसरल्यावर ती शिस्त ढिली पडता कामा नये.

भूल देण्याची सुई दंतवैद्याला एकाच रुग्णासाठी काही वेळा पुन्हा वापरावी लागते आणि तेवढ्यापुरते टोपण बसवावे लागते. अशा वेळी टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवावी. दुसऱ्या हातात टोपण धरू नये. उपकरणे धुताना जाड रबरी हातमोजे वापरावेत. नुसते उकळल्याने उपकरणे पूर्णपणे निर्जंतुक होत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअस तपमान, चौरस इंचास १५ पौंड दाब आणि किमान १५ ते २० मिनिटे हा नियम पाळावा. गुंडाळलेल्या साहित्यास अधिक वेळ लागतो. यंत्राचा दाब पूर्ण उतरल्याखेरीज झाकण उघडू नये, हेही शिकविले पाहिजे.

दात भरण्याच्या चांदीच्या मिश्रणात जवळजवळ निम्मा पारा असतो. पारा सांडल्यास तो झाडूने लोटू नये, कारण त्यामुळे त्याचे कण विखुरतात आणि वाफ वाढते. खिडक्या उघडून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र कराव्यात, सिरिंजने ओढून घ्याव्यात आणि पाणी असलेल्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे. असे मिश्रण भरलेला उपटलेला दात जाळण्याच्या कचऱ्यात टाकू नये.

क्ष-किरण चित्र काढताना रुग्णाच्या तोंडातील फिल्म मदतनिसाने बोटांनी धरू नये. केल्स यांचे उदाहरण याच संदर्भात ध्यानात ठेवावयाचे आहे. संरक्षक भिंतीआड किंवा यंत्रापासून किमान दोन मीटर दूर, किरणांच्या झोताच्या दिशेपासून बाजूला उभे राहावे. अंतर दुप्पट केले की, किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते. हे साधे गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही समजते.

चार रंगांची शिस्त

कचऱ्याचे वर्गीकरण जागच्या जागी व्हावयास हवे. रक्ताने भिजलेला कापूस, पट्ट्या, शरीराचे अवयव आणि मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत. नळ्या, सुई काढलेल्या सिरिंजा, हातमोजे असे दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत. सुया, पाती आणि इतर धारदार वस्तू आरपार भोसकल्या न जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात. काचेच्या कुप्या व फुटलेली काच निळ्या खुणेच्या डब्यात. असा कचरा प्रक्रियेविना अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ ठेवू नये. तो सामायिक प्रक्रिया केंद्राच्या वाहनाकडेच सोपवावा.

ही शिस्त मोडली तर काय होते, हे २००९ मध्ये गुजरातेतील मोडासा परिसरात दिसले. तेथे कावीळ-बची साथ येऊन चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. दवाखान्यांतून एकदा वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्याचे तपासात पुढे आले. सिरिंज वापरताच निकामी करण्याचा नियम सेवकाच्या बोटापुरता नसून साऱ्या गावाच्या रक्षणासाठी आहे, हे यावरून लक्षात यावे.

सांडलेल्या रक्तावर शोषक कागद किंवा कापड टाकून एक टक्का क्लोरीनचे द्रावण ओतावे आणि किमान दहा मिनिटांनी पुसून घ्यावे. ३० टक्के क्लोरीन असलेली सुमारे ३३ ग्रॅम ब्लिचिंग पावडर एक लिटर पाण्यात मिसळल्यास असे द्रावण तयार होते. ते रोज ताजे करावे. संडास साफ करण्याच्या आम्लात ते कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत प्राणघातक ठरू शकतो.

प्रशिक्षण कसे द्यावे

सभागृहात भाषण ठेवून सह्या घेतल्या म्हणजे प्रशिक्षण झाले, असे मानण्याची पद्धत सोडली पाहिजे. प्रशिक्षण ज्या खोलीत काम चालते तेथेच, मराठीत किंवा सेवकाच्या बोलीत आणि प्रत्यक्ष वस्तू हाताळून व्हावे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तासाभराचा पाठ पुढीलप्रमाणे आखता येईल. पहिली दहा मिनिटे केंद्रातून फेरी मारून धोक्याच्या जागा सेवकांकडूनच दाखवून घ्याव्यात. पुढील पंधरा मिनिटे हात धुण्याचा व हातमोजे काढण्याचा सराव करावा. साबणाने हात धुण्यास चाळीस ते साठ सेकंद लागतात, हे घड्याळ लावून दाखवावे. नंतरची पंधरा मिनिटे न वापरलेल्या वस्तूंचा ढीग समोर ठेवून रंगानुसार वर्गीकरण करवून घ्यावे. उरलेल्या वीस मिनिटांत 'सुई टोचली आहे' असे समजून तालीम घ्यावी : जखम धुणे, कळविणे, नोंद करणे आणि औषधाच्या ठिकाणी पोहोचणे. किती मिनिटे लागली, हे फळ्यावर लिहावे. पुढील तालमीत तो आकडा कमी झाला पाहिजे.

ही तालीम सफाई कामगारापासून सुरू करावी. त्याला ती जमली, तर इतरांनाही जमेल. प्रत्येक केंद्रात एक साधी नोंदवही असावी. तीत सेवकाचे नाव, लसीच्या तिन्ही मात्रांच्या तारखा, प्रशिक्षणाची तारीख आणि अपघातांची नोंद असावी. सुई टोचण्यासारखे अपघात व त्यांवर केलेली उपाययोजना दर वर्षी ३० जूनपूर्वी द्यावयाच्या वार्षिक अहवालात नमूद करावी लागते. वर्षभरात एकही अपघात नोंदलेला नसेल, तर अधिकाऱ्यांनी समाधान मानण्यापूर्वी चौकशी करावी. नोंद कोरी असणे हे पुष्कळदा सुरक्षिततेचे लक्षण नसून भीतीचे लक्षण असते.

सर्वांचा वाटा

या कार्यात लोकप्रतिनिधी आणि शिक्षक यांचा वाटा मोठा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत चालतात. पंचायत सदस्यांनी केंद्रास भेट देताना औषधांच्या साठ्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावेत : सर्व सेवकांना, कंत्राटी कामगारांसह, कावीळ-बच्या तिन्ही मात्रा मिळाल्या आहेत काय? सुईचा पांढरा डबा प्रत्येक खोलीत आहे काय? रात्री सुई टोचली तर कोठे जावयाचे, हे सफाई कामगाराला सांगता येते काय? शेवटचा प्रश्न अधिकाऱ्याला न विचारता त्या कामगारालाच विचारावा. घंटागाडीवरील कामगारांना जाड हातमोजे व बूट पुरविणे आणि त्यांना धनुर्वाताची लस मिळेल असे पाहणे ग्रामपंचायतीला सहज शक्य आहे.

शाळेत लसीकरण शिबिर भरले की, सत्र संपल्यावर मैदानात एकही सुई किंवा कुपी राहिलेली नाही, हे शिक्षकांनी पाहावे. सापडलेल्या सुईला हात न लावता मोठ्या माणसास सांगावे, हे मुलांना शिकवावे. घरी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या सुयाही उघड्या केरात जाऊ नयेत, याविषयी आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेविका गावात प्रचार करू शकतात.

आरोग्य सेवेची इमारत डॉक्टरांच्या ज्ञानावर जशी उभी असते, तशीच ती ट्रे उचलणाऱ्या आणि फरशी पुसणाऱ्या हातांवरही उभी असते. रुग्ण बरा होऊन घरी जातो. हे हात दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला लागतात. ते सुरक्षित राहावेत यासाठी लागणारी साधने थोडी आहेत आणि वेळही फार लागत नाही. वर्षातून एकदा भरणारा हा वर्ग प्रत्येक दवाखान्यात मनापासून भरविला जावा आणि त्यातील पहिली जागा सफाई कामगाराला मिळावी.